न मागता मिळेल तेवढं

यूपीएसने टुक् केलं.

चाळीस मिनिटं कडुनिंबाची डहाळी हातापायांवरून फिरवल्यावर इतळचा डोळा लागला होता, आणि मी श्वाससुद्धा बेताने घेत जेवणाच्या टेबलापर्यंत पोहोचले होते. खुर्ची ओढली नाही, उचलून मागे ठेवली. लॅपटॉपचं झाकण वर केलं आणि टुक्. थोड्या वेळाने पुन्हा टुक्. वीज गेली, हे साऱ्या घराला सांगितल्याशिवाय त्या डबड्याला चैन पडत नाही.

"अम्मा, पक्षी ओरडतोय."

"पक्षी नाही गं. डबा आहे. झोप."

"डब्याला काय झालं?"

"भूक लागली. झोप बघू तू."

"मग त्याला कंजी दे ना."

भाताची पेज, आणि डब्याला! मी कपाळावर हात मारला. दुपारचे पावणेदोन वाजले होते. इतळच्या कांजिण्यांचा सहावा दिवस. शेजारचं कुणी उंबरा ओलांडत नव्हतं. तिच्या अच्छनला, म्हणजे वडिलांना, लहानपणी कांजिण्या झाल्या नव्हत्या म्हणून तो भावाकडे राहायला गेलेला. रोज संध्याकाळी यायचा, फाटकाला दोन शहाळी लटकवायचा आणि रस्त्यावरूनच लेकीला हात हलवून जायचा. घरात आम्ही दोघी, एक डहाळी, आणि चार वाजायची भीती.

चार वाजता आमची डिस्क गोठणार होती. गोठणार म्हणजे त्यानंतर तिच्यातलं टिंबसुद्धा कुणी बदलायचं नाही. तिच्या प्रती निघून शाळाशाळांतल्या संगणकांवर चढणार, आणि तीन आठवड्यांनी त्याच संगणकांवर दहावीची मुलं प्रात्यक्षिक परीक्षेला बसणार. शाळांसाठीची ही ऑपरेटिंग सिस्टिम आम्ही नऊ जण मिळून बांधतो. सगळं झालं होतं. एका फाइलीतली एक ओळ राहिली होती, आणि त्या ओळीतला एक आकडा.

संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला, म्हणजे आमच्या भाषेत प्रोसेसला, हद्दी घालून द्याव्या लागतात. मेमरी किती खायची, आणखी किती प्रोसेस जन्माला घालायच्या, एका वेळी किती फाइली उघड्या ठेवायच्या. हद्द नसली तर एखादा हावरट सगळं गिळतो आणि बाकीचे उपाशी राहतात. हद्द फार आवळली तर चांगला शहाणा प्रोग्राम काम करता करता मान टाकतो. मेमरीचा आकडा ठरला, प्रोसेसचाही ठरला. उघड्या फाइलींच्या आकड्यावरून मात्र आमच्यात तीन आठवडे जुंपली होती. कारण हे आकडे कुणी मागत नाही, ते न मागता मिळतात. बहुतेक प्रोग्रामांना आपल्या वाट्याला काय आलंय याचा पत्ताही नसतो. संपलं की मगच कळतं.

गेल्या वर्षीचा आकडा होता एक हजार चोवीस. तो कुणी ठरवला म्हणाल तर आमच्यापैकी कुणीच नाही. तो होताच. गेल्या परीक्षेत काही शाळांमधे संध्याकाळच्या सुमाराला परीक्षेचा प्रोग्राम मधेच बंद पडला, तेव्हा आमचे मुख्य, गोपन सर, यांनी चिडून ती ओळच 'अमर्याद' करून टाकली.

"मर्यादा घातली की तक्रार आपल्याकडे येते, रजिषा," ते म्हणाले होते, "नाही घातली की मशीनकडे जाते."

तीन आठवडे मी सांगत होते, असं मोकाट सोडू नका. ते म्हणायचे, मग आकडा सांग. मी सांगितला की म्हणायचे, याला आधार काय? अमर्यादला काय आधार, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी त्यांचा निरोप आला: 'चारच्या आत तुझा आकडा पाठव, कारणासकट आणि नावासकट. नाहीतर आहे तसं गोठवतो.' नावासकट हा शब्द ठळक केलेला होता.

फोन थरथरला. मी तो उचलून स्वयंपाकघरात पळाले.

"मोळे, ऐकू येतं का? इथे वारा आहे."

एलियाम्मा टीचर. मला त्या लेकीला म्हणावं तसं 'मोळे' म्हणतात. इडुक्कीत पार वरच्या डोंगरातली शाळा. पुढच्या वर्षी निवृत्त होणार. एका शिबिरात मी त्यांना शिकवायला गेले होते, आणि दोन तासांत त्यांनीच मला चार गोष्टी शिकवून परत पाठवलं होतं. नव्या डिस्कची प्रत आधी चालवून बघायला ज्या मोजक्या शाळांना दिली होती, त्यांत त्यांची एक. त्यांच्या शाळेत मोबाइलला रेंज नाही. शाळेमागे एक मोठा खडक आहे, त्यावर चढून बोलावं लागतं. म्हणून त्यांच्या प्रत्येक फोनमधे अर्धं बोलणं वाऱ्याचं.

"तुमच्या ऑफिसचं पत्र आलं. 'आपली यंत्रे जुनी असल्याने विलंब होत आहे.' जुनी आहेत! अगं, मीही जुनी आहे. म्हणून मी वर्गात शिरायला अकरा मिनिटं घेते का?"

"अकरा मिनिटं?"

"परीक्षेचं बटण दाबलं की अकरा मिनिटं ते फूल गोल गोल फिरतं. अर्धी जपमाळ होते माझी. पानं मांडलीत, माणसं बसलीत आणि वाढपी गायब, असली तुमची पंगत!"

"कोण बोलतंय?" चादर फरफटवत इतळ दारात उभी. गालावर औषधाचे गुलाबी ठिपके. "स्पीकरवर टाक ना. मला पण ऐकायचंय."

चिडायलाही वेळ नव्हता. टाकला स्पीकरवर.

"कोण गं ते?" खडकावरून आवाज आला.

"मी इतळ. मला कांजिण्या आल्यात."

"अस्सं. किती आल्यात?"

"खूप."

"खूप म्हणजे किती? खूप असा आकडाच नसतो. अम्माकडून स्केचपेन घे आणि एकेकीला शेजारी ठिपका देत मोज. खाजवलंस तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कळलं?"

"कळलं टीचर," इतळ म्हणाली. माझं ती सहा दिवसांत एकदाही इतक्या सरळपणे ऐकली नव्हती.

फोन ठेवून मी टेबलाशी आले. माझ्या लॅपटॉपवर तेच बटण दाबलं. फूल फिरायला लागलं. पन्नास सेकंद. हे पन्नास सेकंद ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होते. परीक्षेचा प्रोग्राम लिहिणाऱ्या सजितने म्हणूनच ते फूल बसवलं होतं, आणि बैठकीत त्याच्या पाकळ्यांच्या रंगावर पंधरा मिनिटं चर्चा झाली होती. पन्नास सेकंद फूल नेमकं कशासाठी फिरतंय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

प्रोग्राम चालू असताना सिस्टिमकडे काय काय मागतोय, ते ओळीओळीने बघायची सोय असते. ती लावली आणि बटण दाबलं. पडदा भरून वाहायला लागला.

एक लाख बारा बंद कर. असं काही उघडं नाही. एक लाख तेरा बंद कर. असं काही उघडं नाही. एक लाख चौदा.

मी डोळे चोळले. हा परीक्षेचा प्रोग्राम नव्हताच. त्याच्या आधी सुरू होणारा उत्तरपत्रिका गोळा करणारा मदतनीस होता. बारा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला, लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. मदतनीस मोठा टापटिपीचा. कामाला लागण्याआधी आपल्याला जन्म देणाऱ्याने काही फाइली उघड्या टाकल्यात का ते बघायचं आणि सगळ्या बंद करून हात धुवून सुरुवात करायची, अशी त्याची रीत. कुठल्या उघड्या आहेत हे त्याला कळत नाही. म्हणून एकपासून हद्दीपर्यंत प्रत्येक नंबरचं दार तो लोटून बघतो. हद्द एक हजार चोवीस होती तेव्हा पापणी लवायच्या आत फेरी पुरी व्हायची. आता आम्ही त्याला अमर्याद दिलं होतं. सिस्टिमच्या लेखी अमर्याद म्हणजे शंभर कोटी. तो बिचारा शंभर कोटी दारं लोटत निघाला होता, आणि त्यातली पाचसहा सोडली तर एकही दार बांधलेलंच नव्हतं.

माझ्या लॅपटॉपवर ही फेरी पन्नास सेकंदांची. टीचरांच्या मशीनवर अकरा मिनिटांची.

मी गोपन सरांना फोन लावला.

"बैठकीत आहे."

"सर, दोन मिनिटं. ते अमर्याद आहे ना..."

"अमर्यादने काय केलं आता?" मी भराभर सांगितलं. पलीकडे कपबशी वाजली. बैठक चहाची असावी. "मग परत एक हजार चोवीस करून टाक. जुनंच होतं, चालत होतं."

"चालत नव्हतं, सर. म्हणून तर तुम्ही काढलंत."

"रजिषा, मला एक समजेना. कमी दिलं तर मरतं, जास्त दिलं तर झोपतं. हे प्रोग्राम आहेत की जावई?"

"मला गेल्या वर्षी का मेलं ते बघू द्या. चारपर्यंत सांगते."

"चार म्हणजे चार हं. प्रती काढणारी माणसं येऊन बसलीत."

"अम्मा, पाठीवरच्या कशा मोजू?" इतळने फ्रॉक काढून टाकला होता. पोटभर निळे ठिपके.

"पाठीवरच्या मी मोजते. थांब जरा."

"कधी?"

"आत्ता."

"आत्ता म्हणजे तुझं आत्ता की माझं आत्ता?"

मी तिची पाठ मोजली. चौतीस. एक कान आणि खांदा यांच्यामधे फोन, त्यात सजितची रिंग वाजतेय, हातात निळं पेन. पाठ मात्र किती लहान होती. दोन विती.

"चेची, आता प्रोग्रामला हात लावायला सांगू नका," सजितने हॅलोच्या जागी हेच म्हटलं. चेची म्हणजे ताई. "सील झालाय. बोर्डाची सही झालीय."

"हात लावू नकोस. नुसतं सांग. तुझा प्रोग्राम फाइली किती उघडतो?"

पलीकडून कळफलकाचा खडखडाट आला.

"सजित."

"एका मुलामागे साठ. प्रश्नांची चित्रं, आवाज, उत्तरं वगैरे."

"आणि बंद किती करतो?"

"चेची, ते काय आहे, की..."

"एकही नाही?"

"बंद करायची गरजच नाही ना! प्रत्येक मुलानंतर प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करायचा. नियमपुस्तिका, पान नऊ. प्रोग्राम बंद झाला की फाइली आपोआप मिटतात. पाचपाच मुलं बसवून तपासलाय मी. दहासुद्धा."

"सुरू होताना आपल्या स्वतःच्या किती उघडतो?"

"सत्तरेक."

मी समोरच्या बिलाच्या पाठीवर गुणाकार मांडला. सत्तर, आणि पंधरा मुलांच्या नऊशे, झाल्या नऊशे सत्तर. सोळाव्याला साठ हव्यात. बेरीज एक हजार तीस. हद्द एक हजार चोवीस.

म्हणजे एकाच मशीनवर, मधे प्रोग्राम बंद न करता, सोळावं मूल बसलं की खलास. कुठल्याही शाळेत, कुठल्याही मशीनवर, न चुकता सोळावं. आणि आमच्यापैकी कुणी सोळाव्यापर्यंत गेलंच नव्हतं, कारण पान नऊवर लिहिलं होतं तसंच जगात घडतं असं आम्ही धरून चाललो होतो.

टीचरांना फोन लागेना. त्या खाली उतरल्या होत्या. बरोबर तीनला त्यांचाच आला. इतळ शेजारीच ठिपके देत बसली होती, म्हणून तो आधीच स्पीकरवर टाकला.

"बोल. धाप लागलीय, तू बोल."

"टीचर, रागावणार नसाल तर एक विचारते. गेल्या वर्षी परीक्षेत प्रत्येक मुलानंतर प्रोग्राम बंद करून उघडत होतात का?"

खडकावर छत्री टेकल्याचा आवाज आला.

"टीचर?"

"नाही करत," त्या म्हणाल्या. "कळवायचंय का वर? कळव. अगं, तो उघडताना मोबाइलवर एक गुप्त आकडा येतो, तो घालावा लागतो. मोबाइलला रेंज कुठे? या खडकावर. म्हणजे एक मूल उठलं की मी खडकावर यायचं, आकडा घ्यायचा, तळहातावर लिहायचा, खाली पळायचं. चारपैकी तीनदा तोवर आकड्याची मुदत संपते! पान नऊ लिहिणाऱ्याला एकदा पाठव इकडे. मी छत्री देते त्याला. सकाळी एकदाच उघडते मी, आणि शेवटचं मूल उठेपर्यंत बंद करत नाही. सगळ्या डोंगरातल्या शाळा हेच करतात. विचार कुणालाही. सांगणार नाहीत, पण करतात."

"सोळावं मूल बसलं की बंद पडत होता ना?"

"ते मोजलं नाही मी. मला वळ्ळी आठवते." त्यांचा आवाज उतरला. "शेवटची होती. सव्वाचार वाजले असतील. बसली, नाव टाकलं, पहिलं चित्र आलं. लगेच पडदा काळा. पुन्हा उघडून बघितलं तर यादीत तिच्या नावापुढे 'गैरहजर'. माझ्या समोर खुर्चीत बसलेली पोर, गं! मी लिहून कळवलं. उत्तर आलं, नियमाप्रमाणे प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावा, पान नऊ बघावं. फेरपरीक्षा खाली शहरात होती. तिची आदिवासी वस्ती पार जंगलाच्या तोंडाशी. एक दिवस जीपपर्यंत आली म्हणतात, आणि परत गेली. आता वेलदोड्याच्या मळ्यात जाते. मला वाटेत भेटली की डोक्यावरची मोळी खाली ठेवून हसते. तिने हसू नये असं वाटतं मला."

ते उत्तर मी लिहिलं होतं. तेव्हा इतळला ताप होता, ती मांडीवर होती, आणि मी एका हाताने 'पान नऊ बघावे' असं टंकून मोकळी झाले होते. दोन मिनिटांचं काम. सुटले, असं वाटल्याचंही आठवतं.

"टीचर, ते पत्र माझं होतं."

"ठाऊक आहे. खाली नाव होतं की," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुलाच फोन करते दरवेळी. ज्यांच्या पत्राखाली नावच नसतं, त्यांना कुठे फोन करू? बोल, काय करायचं?"

"एका मशीनवर जास्तीत जास्त किती मुलं बसतील यंदा?"

"वीज पडून तीन मशीनं गेली. उरली तेवढ्यांत भागवायचं. सव्वीस. आणखी एखादं बंद पडलं, तर तीस."

सत्तर, अधिक तीस गुणिले साठ. अठराशे सत्तर. त्याच्यावर थोडी ऐसपैस जागा. टापटिपीच्या मदतनिसाला चार हजार दारं लोटायला जुन्या मशीनवरही क्षणभर लागेल. मी कागदावर चार हजार शहाण्णव लिहिलं. मोठी हाव असणारा एखादा प्रोग्राम असलाच, तर त्याने तोंड उघडून मागावं. मागणाऱ्याला पाच लाखांपर्यंत वाढवून मिळेल, अशी वरची हद्द वेगळी ठेवता येते. न मागता मात्र एवढंच. याहून कमी नाही, याहून जास्त नाही.

"टीचर, कागद आहे?"

"तळहात आहे."

ती फाइल कुठे सापडेल, कुठली ओळ, कुठला शब्द पुसायचा, कुठला आकडा घालायचा, ते सांगितलं. त्यांनी एकेक अक्षर वाऱ्यावरून ओरडून परत म्हटलं. "मग बाहेर पडून पुन्हा आत या. आणि उघडला की बंद करू नका. सव्वीस मुलं बसवता येतील? नुसतं नाव टाकून पुढे पुढे जायचं. चित्रं आली की झालं."

"आठवीचा वर्ग रिकामाच आहे. बसवते."

"चाराच्या आत कळवा हं टीचर."

"माझे गुडघे तुझ्या ऑफिसात नोकरीला आहेत की काय?" असं म्हणत त्या उतरल्या.

तीन वाजून दहा मिनिटं. मी कारण लिहायला घेतलं. पहिल्यांदा अर्धं पान झालं. गोपन सर अर्धं पान वाचत नाहीत. पुसून चार ओळी केल्या. इतळला तहान लागली. शहाळ्याचं पाणी दिलं. मग सू लागली. मग डावा कान खाजायला लागला. डहाळी फिरवली. मग म्हणाली, "एकशे सत्त्याण्णव झाल्या. पण डोक्यातल्या केसांत आहेत त्या धरायच्या की नाही?"

"धर."

"दिसत नाहीत तरी?"

"दिसत नाहीत म्हणून सोडायच्या नसतात."

"मग बघून सांग."

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. केस बाजूला करत करत घड्याळाकडे बघत होते. साडेतीन. पावणेचार. लॅपटॉपची बॅटरी एकवीस टक्के. तीन पन्नासला गोपन सरांचा फोन आला.

"आकडा?"

"चार हजार शहाण्णव."

"चार हजार का नाही? पाच हजार का नाही?"

"अठराशे सत्तर लागतात. दुप्पट सोय ठेवली. चार हजारही चालेल. भांडायचं असेल तर चार हजार घ्या, पण अमर्याद काढा."

"अठराशे सत्तर कुठून आले?"

"तीस मुलं एका मशीनवर, मधे प्रोग्राम बंद न करता."

"मधे बंद न करता? पान नऊ..."

"सर, पान नऊ डोंगरात चालत नाही. तिथे गुप्त आकडा खडकावर येतो."

"खडकावर?"

"हो. खडकावर."

"हे कुणी कधी लिहून का नाही कळवलं?"

"लिहून कळवलं होतं. मी पान नऊ बघा म्हणाले."

कपबशी वाजली नाही. "चालवून बघितलंस?"

"बघतायत. कळेल आत्ता."

"रजिषा, दहा मिनिटं उरली. कळलं नाही तर मी जुनं घालतो का आहे ते ठेवतो, ते तूच..."

दुसरा फोन वाजायला लागला. त्यांना तसंच लटकत ठेवून मी तो घेतला.

"...वीस!" वारा, धाप, पुन्हा वारा. "सव्वीस झाली! सत्ताविसावी मी बसले. मलाही चित्र आलं! आणि उघडायला किती वेळ? क्रूसाची खूण करायला हात कपाळाला नेला, तेवढ्यात उघडलं!"

"टीचर, खाली बसा. पडाल."

"बसलेच आहे. उठायला माणूस पाठव."

मी गोपन सरांना सांगितलं. ते म्हणाले, "कारणाच्या खाली नाव कुणाचं घालू? समितीचं घातलं तरी चालेल." हे ते प्रेमानेच म्हणाले असावेत.

"माझं घाला," मी म्हटलं. "आणि फोन नंबरही."

"नंबर? पुऱ्या राज्यातून फोन येतील तुला."

"येऊ देत."

तीन सत्तावन्नला ओळ गेली. मी लॅपटॉप मिटला. भूक लागली होती. सकाळपासून पोटात फक्त इतळची उरलेली कंजी होती. इतळ माझ्या मांडीवरच होती, पेन तोंडात धरून. इतका वेळ तिने खाजवलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"झालं तुझं?"

"झालं."

"आता त्या टीचरांची मुलं काळी नाही होणार?"

"मुलं नाही गं, पडदा. नाही होणार. आता शेवटच्या मुलालाही चित्र दिसेल."

"वळ्ळीला?"

मी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ती ठिपके मोजतेय.

"वळ्ळीची परीक्षा गेल्या वर्षी होती, मोळे."

तिने पेन तोंडातून काढलं, उठून बसली, आणि अगदी खालच्या आवाजात, जणू यात कुणाचं तरी गुपित असावं तसं, विचारलं:

"अम्मा, पण तिला शेवटी का बसवलं होतं?"